भाऊ किंवा बहीण आता बरी होणार नाही असं डॉक्टरनी सांगितलंय : आधी काय करायचं, नंतर काय

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या सगळ्या पट्ट्यात एकच चूक परत परत होताना दिसते म्हणून हे लिहितोय. घरात कुणाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे असं कळलं की भावंडं गाडी काढतात, आज हुबळी, उद्या मिरज, परवा मुंबई, सोनं गहाण पडतंय, शेताचा तुकडा विकायची बोलणी सुरू होतात, आणि ज्याला आजार आहे तो मागच्या खोलीत रात्रभर कण्हत पडलेला असतो, त्याला दुखण्याची नीट गोळीसुद्धा चालू नसते. हेतू कुणाचाच वाईट नसतो, क्रम चुकतो. आधी दुखणं, मग त्याच्याशी बोलणं, मग फाईल आणि पैसा, पळापळ त्याच्याही नंतर आणि लागली तरच.

भावंडांसाठी मुद्दाम लिहितोय कारण आईवडील खचलेले असतात, वहिनी किंवा भावजी पेशंटजवळून हलू शकत नाहीत, मग बाहेरचं सगळं धावायचं काम तुमच्याकडेच येतंय.

टप्पा १ : डॉक्टरकडून नेमकं काय विचारून यायचं

जाताना दोघं जावा. एकजण बोलणार, दुसरा फक्त लिहून घेणार. डॉक्टर कन्नड-इंग्लिशमध्ये भराभर बोलणारे असतील तर घरातला ज्याला ते नीट कळतंय असा माणूस घेऊन जावा, लाजू नका, "परत एकदा सांगा की सर" म्हणायला काही पैसे पडत नाहीत. प्रश्न आधी कागदावर लिहून न्या, तिथं गेल्यावर काही आठवत नाही.

विचारायचं ते असं :

- कॅन्सर कुठं सुरू झाला आणि आता कुठं कुठं पसरलाय?
- आता जी ट्रीटमेंट सांगताय ती बरं करण्यासाठी, आयुष्य वाढवण्यासाठी, की फक्त त्रास कमी करण्यासाठी?
- ती घेतली तर साधारण किती फायदा, आणि त्यातले किती दिवस हॉस्पिटलमध्येच जाणार? नाही घेतली तर काय होईल?
- पुढं कुठला त्रास सुरू होऊ शकतो, आणि रात्री-अपरात्री झाला तर फोन कुणाला?
- पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास आटोक्यात ठेवणारे डॉक्टर, इथं आहेत काय? घरी येऊन बघतात काय?

दुसरा प्रश्न बहुतेक घरं विचारतच नाहीत. चौथ्या स्टेजला किमो चालू झाली की सगळे समजतात आता बरा होतोय, आणि तीन-चार सायकल झाल्यावर तब्येत ढासळली की डॉक्टरवर चिडतात, पण ती किमो बहुतेक वेळा मुळात बरं करायला दिलेलीच नसते.

"किती दिवस राहिले?" असं विचारलं तर तारीख कुणी सांगू शकत नाही. त्यापेक्षा असं विचारा, "सर, आम्ही दिवसांचा विचार करायचा, आठवड्यांचा, की महिन्यांचा?" याचं उत्तर बरेच डॉक्टर देतात, आणि सुट्ट्या, पैसा, कुणाला कधी बोलवायचं हे सगळं त्यावरच ठरतंय.

*तपासा : बाहेर पडताना वहीत एक ओळ लिहिलेली पाहिजे, "ही ट्रीटमेंट कशासाठी आहे." ती लिहिता येत नसेल तर परत आत जावा.*

टप्पा २ : दुखणं, त्याच दिवशी

पॅलिएटिव्ह म्हटलं की लोकांना वाटतंय डॉक्टरनी हात वर केले. तसं नसतंय, ते किमो-रेडिएशनच्या बरोबरीनं पण चालतंय, जितकं लवकर सुरू कराल तितकं चांगलं.

कॅन्सरचं दुखणं नेहमीच्या गोळीनं थांबत नसेल तर पुढची पायरी मॉर्फिन असते. तोंडातून घ्यायची गोळी असते, साधी गोळी साधारण चार-चार तासांनी देतात, डोस डॉक्टर हळूहळू वाढवत नेतात. घरातले घाबरतात, "मॉर्फिन म्हणजे संपलं", "सवय लागेल". डॉक्टरच्या देखरेखीखाली नीट डोसमध्ये दिलं तर त्यानं माणूस लवकर जात नाही, आणि या टप्प्यावर सवयीची काळजी करण्यात अर्थ नाही. उलट दुखणं कमी झालं की माणूस झोपतो, दोन घास खातो, बोलतो.

पण हे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मान्यता मिळालेल्या संस्थांना ते ठेवता-देता येतं, त्यामुळं बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये किंवा कॅन्सर विभागात थेट विचारायचं, "तोंडातून घ्यायचं मॉर्फिन इथं मिळतंय काय, किती दिवसांचं एकदम देता, परत घ्यायला पेशंट आणावा लागतोय काय?" खानापूरच्या आतल्या गावात राहणाऱ्यांनी हे आधी विचारलंच पाहिजे, पावसाळ्यात शनिवारी रात्री गोळ्या संपल्या तर कुठं जाणार.

इथल्या नेहमीच्या चुका :

- दुखल्यावरच गोळी देणं. घड्याळ लावून द्यायची असते, दुखणं चढायच्या आधी. मधेच उसळी मारली तर जादा डोस कधी आणि किती द्यायचा ते डॉक्टरकडून लिहून घ्या.
- पोट साफ व्हायचं औषध न देणं. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतोच होतो, म्हणून पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर लागतंय. डॉक्टरनी लिहिलं नसेल तर आठवण करा. चार दिवस संडास न झालेला पेशंट "गोळी नको" म्हणतोय तेव्हा त्याला गोळीचा नाही, पोटाचा त्रास असतोय.
- पट्टीवर शेक देणं. अंगाला चिकटवायची फेंटानिलची, म्हणजे दुखण्याच्या औषधाची, पट्टी दिली असेल (साधारण तीन दिवसांनी बदलतात) तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी, उन्हात बसणं, काही नको. उष्णतेनं औषध एकदम अंगात जातंय, ते धोक्याचं आहे.
- दोन-तीन डॉक्टरच्या गोळ्या एकत्र. वेगवेगळ्या नावाच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच असतंय कधीकधी. सगळी पाकिटं पिशवीत घालून एकाच डॉक्टरला दाखवा.

पहिले एक-दोन दिवस झोप जास्त येते, ती चालते. पण हलवून उठत नाही, श्वास फारच हळू झालाय, असं दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरला फोन.

वॉर्डात सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असतील आणि पेशंटला कन्नड येत नसेल तर "भाळ नोवु ऐति", म्हणजे खूप दुखतंय, एवढं तरी त्याला शिकवून ठेवा. दुखणं शून्य ते दहात बोटं दाखवून सांगायचं, ही खूण सगळ्या भाषेत चालते.

टप्पा ३ : त्याच्याशी बोलणं

हा टप्पा सगळे टाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतंय.

आपल्याकडची रीत अशी की पेशंट सोडून सगळ्या गल्लीला माहीत असतंय. स्वयंपाकघरात कुजबुज, हा खोलीत शिरला की गप्प, वर हसून "काही नाही रे, गाठ आहे साधी, दोन महिन्यात उठून फिरशील." त्याला कळत नसतंय असं समजू नका. गावाकडची चुलती जी वर्षानुवर्षं आली नाही ती येऊन डोळे पुसून जाते, मुंबईचा मामा अचानक टपकतो, माणसाला कळतंय की. फक्त तो पण तुमच्यासाठी गप्प बसतो, मग दोन्हीकडून नाटक, आणि ज्याला खरं बोलायचंय तो एकटा पडतो.

सांगायचं कसं? सांगायचंच नाही, विचारायचं. गर्दी नसताना, दुपारी, दुखणं कमी असतंय अशा वेळी.

१. "दादा, डॉक्टरनी तुला काय सांगितलंय?" आधी त्याला काय माहीत आहे ते ऐका.
२. "तुला सगळं ऐकायचंय काय, की आम्ही बघून घेऊ?" काहीजण खरंच म्हणतात, नको सांगू, तू बघ. तोही त्याचा निर्णय, तो मानायचा. चार दिवसांनी परत विचारायला हरकत नाही.
३. हो म्हटला तर थोडं थोडं. "आजार पसरलाय, पूर्ण बरा करायचं औषध नाही म्हणतात. दुखणं कमी ठेवायचं औषध आहे, आणि आम्ही आहोत." एवढं बोलून थांबा. गप्प बसणं जड जातंय, तरी बसा.

खोटं बोलू नका. त्यानं सरळ विचारलं "मी वाचणार काय?" तर "तुला काय वाटतंय?" असं विचारता येतं, मग तो जे बोलेल तिथून पुढं जायचं. "असं बोलायचं नाही, धीर धर" म्हणून तोंड बंद करू नका, तो परत तुमच्याकडं येणार नाही.

भावंडांना एक फायदा असतो जो बायकामुलांना नसतो. तुम्ही लहानपणी मारामाऱ्या केल्यात, एकमेकांची लफडी झाकलीत, तुमच्यासमोर तो चिडू शकतो, शिव्या घालू शकतो, हसू पण शकतो. सारखं तोंड पाडून उशाशी बसण्यापेक्षा ते होऊ द्या.

हळूहळू, एका बैठकीत नाही, तीन गोष्टी काढून घ्या : सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते (बहुतेक वेळा मरणापेक्षा दुखण्याची, नाहीतर पोरांच्या शिक्षणाची निघते), शेवटी कुठं राहायचंय (पुण्यात-गोव्यात नोकरीला असलेल्या कितीतरी जणांना गावच्या घरातच यायचं असतंय), आणि त्याला बोलता आलं नाही तर निर्णय कुणी घ्यायचा.

सावधान : वाटणीचा, बांधाचा जुना विषय या खाटेजवळ काढायचा नाही. त्यानं स्वतः काढला तर ऐका, वाद घालू नका. बहीण सासरी असेल तर माहेरच्यांनी भावजींना डावलून डॉक्टरशी वेगळं ठरवायचं नाही, तिनं नाव घेतलेला माणूस पुढं, बाकी मागं.

आईवडिलांना दुसऱ्यांकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा. लहान पोरांनाही सांगायचं, साध्या शब्दात : बाबाला कॅन्सर आहे, तो लागत नाही, तुझ्यामुळं झाला नाही, तू जवळ जाऊन बसू शकतोस. नाहीतर पोरं स्वतःच्या मनानं काहीतरी भयंकर ठरवतात.

टप्पा ४ : फाईल, आणि दुसरं मत एकदाच

बायोप्सी रिपोर्ट (आणि त्याचे ब्लॉक-स्लाइड, म्हणजे काढलेल्या तुकड्याचे नमुने, हॉस्पिटलकडं मागायचे), स्कॅनचे रिपोर्ट आणि सीडी, डिस्चार्ज कार्डं, रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांची यादी. तारखेवार लावून एक पीडीएफ करून घरातल्या तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. मूळ कागद कुणाही "ओळखीच्या माणसाला" देऊन बसू नका.

दुसरं मत घ्यायला हरकत नाही, घ्यावंच. पण पेशंटला घेऊन मुंबई किंवा बेंगळुरूला सुमारे पाचशे किलोमीटर जायच्या आधी फाईल पाठवा. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे, रिपोर्टवरून मत देतात. जवळ हुबळीत नवनगरला कॅन्सर हॉस्पिटल आहे, बेंगळुरूला किदवाई. दोन ठिकाणी एकच उत्तर आलं की थांबायचं, तिसरं-चौथं मत शोधणं हे मग पेशंटसाठी राहत नाही, आपल्या समाधानासाठी होतंय.

जावंच लागलं तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत आहे, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, बरोबरच्या माणसाला ७५ टक्के. त्याचा ठराविक फॉर्म हॉस्पिटलकडून भरून शिक्का मारून घ्यावा लागतोय, तिकिटाच्या आधी.

झाडपाला, काढा, नवस : यल्लम्माला जाऊन या, ज्योतिबाला जाऊन या, मनाला बरं वाटतंय. फक्त पेशंटला उन्हात गर्दीत ओढत नेऊ नका, आणि "ही औषधं बंद केल्याशिवाय माझं लागू पडत नाही" म्हणणारा भेटला की तिथून उठा.

टप्पा ५ : पैसा आणि कागद

कर्नाटकाचं बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा. बहुतेक वेळा सरकारी हॉस्पिटलची रेफरल चिठ्ठी लागते, ती अॅडमिट व्हायच्या आधी घ्यायची. बिल झाल्यावर योजना आठवून उपयोग नाही. आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस, कुठं बसतोय ते पहिल्या दिवशीच शोधा.

सीमेचा घोळ आपल्याला कायम आहे. चंदगडचा पेशंट बेळगावला येतो तेव्हा कार्ड महाराष्ट्राचं असतंय, बेळगावचा कोल्हापूर-मिरजेला जातो तेव्हा उलटं. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यावरून दोन राज्यांत चांगलाच वाद झाला. राजकारण बाजूला ठेवा. आपल्याला एवढंच पुरतं : निघायच्या आधी त्या हॉस्पिटलच्या योजना काउंटरला फोन करून आपलं गाव आणि कार्ड सांगून हो की नाही विचारायचं. रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्लिशमध्ये, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, इथं अर्ज अडकतो. आत्ताच तपासून घ्या.

पेशंट शुद्धीत आहे, सही करता येते, तोवर :

- बँक, पोस्ट, सोसायटी, एलआयसी सगळीकडं नॉमिनी बघा. खात्यावर दुसरं नाव घाला.
- मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. डॉक्टरकडून मनःस्थिती चांगली असल्याची चिठ्ठी जोडा.
- मुखत्यारपत्र माणूस गेला की संपतं. "नंतर त्यावर पैसे काढू" असं चालत नाही.
- शेवटी व्हेंटिलेटर, आयसीयू नको असेल तर तसं आधी लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये त्याचं परिपत्रकही काढलंय. यात ज्याचं नाव घालायचं त्याला आधी विचारा, नुसतं मोठा भाऊ म्हणून घालू नका, त्या वेळी डगमगणार नाही असा माणूस पाहिजे.

भाऊ-बहीण तुमच्यावर अवलंबून असतील आणि तुम्ही जुन्या पद्धतीनं इन्कम टॅक्स भरत असाल तर उपचाराच्या खर्चावर टॅक्समध्ये मिळणारी वजावट सीएला विचारा.

पैशाचं सगळ्या भावंडांनी एकदा बसून ठरवा, कोण किती, आणि कुठं थांबायचं. ही बैठक पेशंटच्या खोलीत नको.

टप्पा ६ : घर लावणं

पहिल्या पंधरवड्यात सगळे सुट्टी काढून येतात, घर भरतंय, आणि दोन महिन्यांनी खरी गरज असते तेव्हा वहिनी एकटी. सुट्ट्या वाटून घ्या. पुण्याचा एक आठवडा, दुबईचा शेवटी. जो येऊ शकत नाही त्याच्याकडं फोनवरची कामं द्या : योजना, बँक, पाहुण्यांना उत्तरं. रात्रीची पाळी आठवड्यातून दोनदा तरी वहिनीकडून काढून घ्या, तिला झोपू द्या. पाहुण्यांची वेळ ठरवा, टेम्पो भरून माणसं आली तर दारातच चहा देऊन वळवायला एक निगरगट्ट माणूस नेमा, प्रत्येक घरात असतोय एक.

खाण्यावरून सगळ्यात जास्त भांडणं. भूक मरणं आजाराचा भाग आहे, खात नाही म्हणून तो खंगत नाही. पेज, आंबील, दोन चमचे काय जाईल ते, त्यानं मागितलं तेव्हा. झोपेत असताना तोंडात घालू नका, छातीत जातंय. अंथरुणाला खिळला तर दोन-दोन तासांनी कूस बदला, टाचा आणि माकडहाडावर जखम होत नाही ना ते रोज बघा. दम लागला तर पाठीला उशा लावून बसवा, तोंडावर छोटा पंखा धरा, खिडकी उघडा.

लगेच हॉस्पिटल : पाठ दुखून पायातली ताकद एकदम गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी, उद्यावर नको. किमो चालू असताना १००.४ च्या वर ताप. थांबत नाही असा रक्तस्राव (तशी शक्यता सांगितली असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवा, पोरं घाबरत नाहीत).

तुमचं स्वतःचं पण थोडं. राग येणार, त्याचाच येणार, "सिगारेट सोड म्हटलं होतं" वगैरे. कधी मनात येणार की आता सुटू दे, मग तसं वाटलं म्हणून लाज वाटणार. हे सगळ्यांना होतंय, फक्त कुणी बोलत नाही. झोप उडाली, काही सुचेना झालं तर टेलिमानस १४४१६, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे. आणि स्तनाचा, अंडाशयाचा, मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर त्याच डॉक्टरला विचारा की आम्हा भावंडांनी तपासणी कधीपासून करायची. हे विचारणं स्वार्थीपणा नाही.

टप्पा ७ : शेवटचे दिवस आणि त्यानंतरची कामं

झोप वाढते, पाणीही नको होतंय, हातपाय गार, श्वास मधेच थांबून परत सुरू, घशात घरघर. घरघर ऐकवत नाही पण त्याचा त्याला बहुतेक त्रास होत नसतोय, कुशीवर वळवा, डॉक्टरला औषध विचारा. ओठ ओल्या कापसानं पुसा. बोलत राहा, तो ऐकत नाही असं धरून चालू नका. गोळी गिळता येत नसेल तर दुखण्याचं औषध दुसऱ्या मार्गानं कसं द्यायचं हे आधीच विचारून ठेवलेलं पाहिजे, बंद करायचं नाही.

घरीच राहायचं ठरलंय तर घाबरून शेवटच्या तासात अॅम्ब्युलन्स बोलावणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. म्हणून कुणाला फोन करायचा तो एकच नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि शेजारच्यांनाही सांगून ठेवा.

घरी मृत्यू झाला तर बघत असलेल्या डॉक्टरकडून कारण लिहिलेला दाखला घ्या. नोंद २१ दिवसांच्या आत, शहरात महापालिका, गावात पंचायत. फॉर्म कन्नडमध्ये असतोय, नाव आधारप्रमाणेच लिहिलंय काय ते अक्षर-अक्षर तपासा, नंतर दुरुस्तीला महिने जातात. दाखल्याच्या जादा प्रती एकदमच काढा, बँक, विमा, पेन्शन, उतारा सगळीकडं लागतात. उरलेलं मॉर्फिन घरात ठेवू नका, कुणाला "उपयोगी पडेल" म्हणून देऊही नका, मोजून जिथून आणलं तिथं परत करा आणि परत दिल्याचं लिहून घ्या.